नदीकाठचे गाव आणि कायद्याचे पुस्तक

रोमुलो गायेगोस हा व्हेनेझुएलाचा कादंबरीकार १९२७ च्या एप्रिल महिन्यात आपुरे नदीच्या काठी वसलेल्या सान फेर्नांदो या गावी गेला. काराकासमधील एका शाळेचा तो मुख्याध्यापक. ईस्टरच्या सुटीची संधी साधून तो तिकडे वळला होता. हाती दुसरीच एक कादंबरी होती, आणि तिच्यातील एका प्रकरणासाठी गुराख्यांच्या मुलखाचे थोडे स्थलवर्णन त्याला हवे होते. मुक्काम घडला तो अवघा आठवडाभराचा. हातातली कादंबरी बाजूला पडली आणि १९२९ साली बार्सेलोना येथे ‘दोन्या बार्बारा’ प्रसिद्ध झाली. पुढे लॅटिन अमेरिकेच्या कादंबरीचा विषय निघाला की तिचे नाव टाळून कोणालाही पुढे जाता येईनासे झाले. एका आठवड्याच्या पाहुण्याला एखाद्या मुलखाचे कळणार तरी किती, अशी शंका या ग्रंथाविषयी अनेकदा व्यक्त होते. माझे मत थोडे निराळे आहे. त्या मुलखात समजण्यास सर्वांत अवघड असे जे होते ते गायेगोसला अचूक समजले. आणि जे कोणत्याही प्रवाशाला पहिल्याच दिवशी दिसते त्याच्या मोहात मात्र तो शेवटी सापडला.

मुलूख कसा आहे ते आधी सांगितले पाहिजे. ‘यानो’ म्हणजे सपाटी. (गोव्यातील ज्या जुन्या वाचकांना पोर्तुगीज अवगत आहे त्यांनी जमिनीसाठी त्या भाषेत असलेला ‘शांव’ हा शब्द आठवावा, दोहोंचे लॅटिन मूळ एकच.) व्हेनेझुएला आणि कोलंबिया या दोन देशांत पसरलेली व ओरिनोकोच्या उपनद्यांनी जागोजाग चिरलेली ही गवताची सपाटी अर्धे वर्ष पाण्याने भरून जाते व उरलेले अर्धे वर्ष तहानेने फाटते. सान फेर्नांदो हे तेथले मुख्य गाव. १७८८ साली ते वसले. १८०० च्या मार्चअखेरीस हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ सपाटी ओलांडून तेथे पोचला, चार दिवस राहिला आणि होडीने आपुरेच्या प्रवाहाबरोबर ओरिनोकोकडे निघून गेला. तोही आला उन्हाळ्यातच. दूरच्या पाहुण्याला हा मुलूख कोरडाच भेटतो. पुराची हकीगत त्याला ऐकीव घ्यावी लागते.

गावाला एकदा वैभवही आले होते, आणि ते आले बगळ्यांच्या पिसांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर शुभ्र पिसांचे तुरे मिरवत होते. आपुरेच्या दलदलीत गोळा झालेली ही पिसे सान फेर्नांदोच्या पेढ्यांतून ओरिनोकोवरील बंदराकडे, तेथून समुद्रापार जात. बार्बारितो या इटालियन व्यापारी घराण्याचा वाडा त्या दिवसांची साक्ष म्हणून गावात उभा आहे. पहिल्या महायुद्धानंतर टोप्यांची तऱ्हा बदलली आणि पेढ्या बसल्या. गायेगोस पोचला तेव्हा गावाजवळ उरले होते ते त्याचे जुने धन, म्हणजे गुरे. आणि गुरांबरोबर येणारे तंटे.

या तंट्यांचे स्वरूप समजल्याशिवाय कादंबरी समजत नाही. सपाटीवर कुंपण नाही. गुरे मोकळी चरतात, मिसळतात, अर्धरानटी होतात. कानाचा छेद आणि अंगावरचा डाग हीच मालकीची खूण. ज्या वासरावर अद्याप खूण पडलेली नाही ते ज्याच्या जमिनीत सापडेल त्याचे. म्हणजे जमिनीची हद्द कोसभर सरकली की तिच्याबरोबर हजारो जनावरांची मालकी सरकते, आणि कोणाच्याही गोठ्याचे दार फोडावे लागत नाही. शेजाऱ्याला आपली गुरे वेगळी काढायची झाली तर दोघांनी मिळून गुरे वळवायची, असा रिवाज आहे. एकाने नकार दिला की दुसऱ्याचे हात बांधले गेले. येथे चोरी आणि वहिवाट यांच्यामधील रेघ फार बारीक असते.

कथानक थोडक्यात असे. सांतोस लुसार्दो हा काराकासमध्ये वाढलेला कायद्याचा पदवीधर आराउका नदीतून होडीने आपल्या वडिलोपार्जित आल्तामिरा या हातोवर येतो. हातो म्हणजे गुरे राखण्याची अफाट जमीन. ती विकून युरोपात जावे एवढाच त्याचा मनसुबा. शेजारच्या हातोचे नावच ‘एल मिएदो’, म्हणजे भय. आणि त्याची मालकीण दोन्या बार्बारा. तरुणपणी नदीवरच्या दांडग्यांकडून विटंबना सोसलेली ही स्त्री पुढे पुरुषांवर सूड उगवीत, चेटकाची ख्याती मिरवीत, आल्तामिराचा लचका तोडत बसली आहे. लुसार्दो जमीन न विकता राहतो. बाईने टाकून दिलेल्या मारिसेला या रानटी वाढलेल्या मुलीला माणसांत आणतो. आणि शेवटी बाई आपण होऊन सारे सोडून निघून जाते.

या ग्रंथावर आजवर झालेल्या बहुतेक टीकेने एकच जोडी घोकली आहे: एका बाजूस सुधारणा, दुसऱ्या बाजूस रानटीपणा. लेखकाने पात्रांना नावेच अशी दिली आहेत की टीकाकाराला दुसरे काही सुचू नये. बार्बारा म्हणजे रानटी, सांतोस म्हणजे संत. लुसार्दोत ‘लूस’ हा प्रकाशवाचक शब्द. परक्या अमेरिकन शिकाऱ्याचे आडनाव तर सरळ डेंजर! इतके ठळक रूपक कादंबरीच्या प्रकृतीला मानवत नाही, असे मला वाटते. परंतु या जोडीवर माझा मुख्य आक्षेप आहे तो निराळा. ती कादंबरीतील पुराव्याला धरून नाही. शहराकडून सुधारणा येते आणि सपाटीवर रानटीपणा उगवतो, असे ग्रंथाचे नाव सांगते. ग्रंथाचा मजकूर तसे सांगत नाही.

दोन्या बार्बाराचे साम्राज्य कशावर उभे आहे ते पाहा. चेटकावर नव्हे, सुऱ्यावरही नव्हे, कागदावर. लोरेन्सो बार्केरो हा लुसार्दोचा नातलग, एके काळचा कायद्याचा तेजस्वी विद्यार्थी. त्याच्याकडून ती नामधारी खरेदीखत करून घेते आणि मग ते खरे करून दाखवते. पुढची प्रत्येक पायरी दावे, तडजोडी व विकत घेतलेले निकाल यांची आहे. त्याही आधीचा इतिहास तर आपल्याकडील कोणत्याही दिवाणी वकिलाला तोंडपाठ वाटेल. लुसार्दो आणि बार्केरो या दोन घराण्यांतले पिढीजात वैर निघाले ते वाटपपत्रातील एका संदिग्ध शब्दप्रयोगातून: जमीन ‘ताडांच्या अमुक बनापर्यंत’. बन धरून की बन सोडून? ‘पर्यंत’ या एका शब्दाने आपल्याकडेही किती घरांची चूल विझवली आहे, हे भाऊबंदकीचे दावे चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. या भांडणावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या असा शेरा लेखकाने मारला आहे, आणि तो निमूटपणे सोसणे आम्हांस प्राप्त आहे.

याच जातीची, पण अधिक कल्पक, अशी गोष्ट मॅकानिय्याल येथील घराची. दोन हातोंच्या हद्दीवर बाईच्या हस्तकांचे, मोन्द्रागोन बंधूंचे, एक झोपडीवजा घर आहे. निकालात हद्द ठरली ती त्या घराच्या खुणेने. मग ते घर रात्रीतून उचलून आल्तामिराच्या आत नेऊन उभे केले जाते, आणि कागदातील एक अक्षरही न बदलता जमीन बदलते! रूपकांच्या गर्दीत टीकाकारांचे या चालत्या घराकडे द्यावे तितके लक्ष गेलेले नाही. मला मात्र सबंध ग्रंथातील हे सर्वांत मार्मिक चित्र वाटते, कारण त्यात रानटीपणा कायद्याशी भांडत नाही. तो कायद्याच्या अंगावर चढून बसतो.

आणि कायदा राहतो कोठे? जिल्ह्याच्या ठाण्याच्या त्या उजाड गावात, न्यो पेर्नालेते नावाच्या अंमलदाराच्या कचेरीत. पेर्नालेते हा अडाणी, पण मूर्ख नव्हे. वरिष्ठांशी निष्ठा आणि खालच्यांना धाक एवढ्या दोन विद्या त्याला पुरतात. त्याचा चिटणीस मुहिकिता हा लुसार्दोचा सहाध्यायी निघतो. विद्यापीठात रोमन कायदा या गृहस्थाच्या डोक्यात उतरत नसे व लुसार्दोला तो समजावून द्यावा लागे. जुना मित्र भेटल्याचा त्याचा आनंद खरा आहे, त्याची भीतीही खरी आहे, आणि लुसार्दो कलमांचे आकडे सांगू लागला की दोहोंची त्याच्या चेहऱ्यावर चाललेली ओढाताण गायेगोसने विलक्षण सहानुभूतीने रंगवली आहे. कादंबरीत जिवंत माणूस निवडा असे मला कोणी म्हटले तर मी नायकाकडे पाहणार नाही, नायिकेकडेही नाही. मी मुहिकिताकडे बोट दाखवीन. तालुक्याच्या कोर्टाची पायरी ज्याने चढली आहे त्याला तो भेटलेला आहे.

त्या कचेरीत सपाटीच्या कायद्याचे पुस्तक आहे. लोक त्याला ‘दोन्या बार्बाराचा कायदा’ म्हणतात, कारण पैसा ओतून तिने तो आपल्या अंगाच्या मापाने शिवून घेतला आहे. लुसार्दो तेच पुस्तक उघडतो आणि तिच्याच कायद्याने तिला गुरे वळवण्याच्या कामास बोलावतो. मिस्टर डेंजरला दाखवून देतो की, बिनखुणेची जनावरे धरण्याचा हक्क मिळण्यास जेवढी जमीन लागते तेवढी त्याच्यापाशी नाही. प्रसंग रंगतदार आहे. वाचणारा वकील असेल तर तो खुर्चीत सावरून बसतो. अन्याय्य हेतूने केलेला कायदाही एकदा अक्षरांत उतरला की करणाऱ्याला थोडासा बांधून टाकतो, ही गोष्ट इतक्या नाट्यमय रीतीने मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे. पण लेखक येथे फसत नाही. बाई मान तुकवते ती कलमापुढे नव्हे. समोर उभ्या असलेल्या पुरुषाकडे तिचे मन त्या क्षणी ओढ घेते, म्हणून. निकाल कागदावर लुसार्दोच्या बाजूने दिसतो. निकालाचे कारण कोणत्याही कागदावर नाही.

कायद्याचा विजय सांगणारा ग्रंथ म्हणून ज्याची ख्याती, त्यात कायद्याच्या बळावर शेवटपर्यंत टिकलेला एकही निकाल नाही. हे मी दोन वेळा तपासून पाहिले. लुसार्दोला हद्दीवर तारेचे कुंपण घालायचे आहे. त्यासाठी पैसा हवा, म्हणून तो बगळ्यांची पिसे गोळा करवून सान फेर्नांदोला विक्रीसाठी पाठवतो. वाटेत कार्मेलितो हा त्याचा विश्वासू माणूस मारला जातो, पिसे नाहीशी होतात. लुसार्दो दाद मागायला पुन्हा त्याच कचेरीत जातो, तर तेथे चौकशीपेक्षा प्रकरण मिटवण्याचीच घाई. यानंतर सद्गृहस्थ बदलतो. कायदा गुंडाळून ठेवून तो मोन्द्रागोनांना धाकात घेतो आणि ते चालते घर त्यांच्याच हातांनी जाळवतो. आणि गंमत अशी की, पिसांचा पुरावा अखेर सान फेर्नांदोच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवते कोण? दोन्या बार्बारा स्वतः. ज्या एका व्यक्तीला कचेरीची कधी गरज पडली नाही तीच तेथे मुद्देमाल घेऊन हजर होते! त्या संध्याकाळी नदीकाठच्या गावात लोक तिला पाहण्यास जमतात, ती मात्र नदीकडे पाहत राहते. हे प्रकरण गायेगोसच्या लेखणीचा उत्कर्ष आहे.

येथपर्यंत मी लेखकाचा पक्षकार आहे. यापुढे नाही. एका रात्रीच्या चकमकीत मेल्कियादेस हा बाईचा मारेकरी गोळी लागून पडतो. लुसार्दोची खात्री होते की गोळी आपली. ज्या क्षणापासून सुधारणेच्या हातावर रक्त आहे, तेथपासून खरी कादंबरी सुरू व्हायला हवी होती. आपल्या बापानेही याच जमिनीच्या वैरातून पोटच्या मुलाला भाल्याने ठार केले व भाला भिंतीत रोवून स्वतः उपाशी मेला, ही स्मृती लुसार्दोच्या मागे उभी आहे. आल्तामिरात आल्यावर तो भाला त्याने स्वतः उपटून काढला आहे. एवढी तयारी केल्यावर लेखक काय करतो? मारिसेलाच्या तोंडून पुराव्याची छाननी करवतो. जखम ज्या बाजूस झाली त्या बाजूने लुसार्दोची गोळी लागणे शक्यच नव्हते. गोळी बरोबरच्या पाहारोते या गड्याची! नायकाच्या मनावरचा भार उतरतो. फौजदारी कोर्टात हा युक्तिवाद मी आनंदाने केला असता. कादंबरीत तो मला सलतो. मारण्यासाठी बंदूक रोखणाऱ्याचे मन गोळीच्या दिशेवरून निर्दोष ठरत नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. आणि गोळी गड्याची ठरल्याने मालकाचे मन हलके होते, या गोष्टीतील अप्पलपोटेपणा तर लेखकाच्या लक्षातच आलेला दिसत नाही. पाहारोते हसतो, पुढच्या कामाला लागतो. त्याच्या मनाचे काय?

शेवटही याच मळवाटेने जातो. बाई नदीकडे नाहीशी होते, एल मिएदो हा हातो मुलीसाठी ठेवून जाते, मुलगी लुसार्दोची होते, आणि दोन्ही हातो एक होऊन पुन्हा आल्तामिराच उरते. लुबाडलेली जमीन परत मिळते ती हुकूमनाम्याने नव्हे; दानाने आणि लग्नाने. वर तारेचे कुंपण येते, सरळ रेषेत. क्षितिजापर्यंत मोकळी सपाटी पाहिल्यावर शहरच्या पाहुण्याला पहिल्या दिवशी जे सुचते ते हेच: येथे रेघ मारली पाहिजे, येथून आगगाडी गेली पाहिजे. लुसार्दो तसे स्वप्न पाहतोही. परंतु चालत्या घराची गोष्ट ज्याने लिहिली त्याने हे विसरू नये की, कुंपणही हद्दीइतकेच सरकते. तार कोणत्या कागदावरून ओढायची हा प्रश्न कचेरीतच सुटतो, आणि कचेरीत पेर्नालेते अजून बसला आहे.

पेर्नालेतेच्या वर कोण बसला होता याविषयी कादंबरी मौन पाळते. गायेगोसचा जेथे मुक्काम होता तो ला कान्देलारिया हा हातो हुआन व्हिसेन्ते गोमेस याच्या मालकीचा. गोमेस हा १९०८ पासून १९३५ पर्यंत व्हेनेझुएलाचा सर्वाधिकारी, आणि देशातला सर्वांत मोठा जमीनदारही. म्हणजे जमीन गिळणाऱ्या बाईची गोष्ट सुचली ती जमीन गिळणाऱ्या पुरुषाच्या अंगणात! त्याचे नाव घेणे शक्य नव्हते, हे उघड आहे. पण मौनामुळे ग्रंथाचे एक नुकसान झालेच. रानटीपणाचे सारे ओझे एका एकाकी स्त्रीच्या डोक्यावर पडले. गोमेसला ही कादंबरी वाचून दाखवण्यात आली आणि ती त्याच्या पसंतीस उतरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी एवढे निश्चित की, १९३१ साली त्याने गायेगोसला सिनेटर नेमले, तेही आपुरे प्रांताचा! ज्या मुलखात एक आठवडा काढला त्याचे प्रतिनिधित्व, मतदारांना न विचारता. गायेगोसने ती जागा भोगली नाही. तो देश सोडून गेला आणि गोमेसच्या मृत्यूनंतरच परतला. या एका कृतीने त्याने आपल्या नायकापेक्षा कठीण परीक्षा दिली, असे मी मानतो. पुढे १९४७ च्या डिसेंबरात तो खरोखरीच प्रचंड बहुमताने राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. १९४८ च्या फेब्रुवारीत त्याने सूत्रे हाती घेतली आणि २४ नोव्हेंबरला लष्कराने ती काढून घेतली. कट करणाऱ्यांत त्याचाच संरक्षणमंत्री होता.

या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद रॉबर्ट मॅलॉय याने केला. तो १९३१ चा असून २०१२ साली शिकागो विद्यापीठाने पुन्हा छापला. गुराख्यांच्या बोलीचा कस त्यात बराच उडाला आहे. पोर्तुगीज वाचणाऱ्याने थोडे कष्ट घेऊन मूळ स्पॅनिशच हाती घ्यावे.

कारण ती बोली गायेगोसची नव्हे, त्या आठवड्यात त्याच्याशी बोललेल्या माणसांची आहे, आणि त्याने ते लपवले नाही. कादंबरीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९५४ च्या आवृत्तीस प्रस्तावना लिहिताना, त्याने या माणसांचे ऋण मान्य केले. सपाटीत येऊन दारूपायी वाया गेलेल्या कायद्याच्या एका पदवीधराची हकीगत त्याला तेथेच कोणी सांगितली. लोरेन्सो बार्केरो तीतून आला. मारिया निएवेस हा बाईचे नाव लावणारा धिप्पाड गडी खराखुरा होता. गाणे म्हणत, गुरांच्या कळपापुढे पोहत, सुसरींनी भरलेली आपुरे नदी तो ओलांडीत असे. कादंबरीत तो आपल्याच नावाने वावरतो, आणि सान फेर्नांदोजवळ आज नदीवर जो पूल आहे तोही त्याच्याच नावाचा. सपाटीची गाणी, डागांची नावे, गुरे वळवण्याच्या रीती गायेगोसला पुरवल्या त्या मुख्यतः आन्तोनियो होसे तोरेआल्बा या हातोवरच्या माणसाने. आन्तोनियो सान्दोव्हाल हे पात्र त्याच्यावरून रेखाटले आहे. तोरेआल्बा स्वतःही लिहीत असे; वह्याच्या वह्या भरून. त्याच्या मुलखाची त्याने स्वतः लिहिलेली ती हकीगत ‘एका यानेरोची रोजनिशी’ अशा अर्थाच्या नावाने काराकासमध्ये छापून निघाली ती १९८७ साली. तोवर ‘दोन्या बार्बारा’ला अठ्ठावन्न वर्षे होऊन गेली होती, आणि तोरेआल्बा हयात नव्हता.